मंगळवारची वाट

टपालबाईंनी नोकरी सोडली त्याला तेरा वर्षं झाली होती, तरी गावात त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. त्यांच्या मुलाला सगळे टपालबाईंचा मुलगा म्हणत, आणि लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्याची बायकोही टपालबाईंची सून झाली. सून औषधांच्या दुकानात काम करायची. शिकलेली, हुशार, बोलायला खमकी. पण रस्त्यात कुणी विचारलं, "ही कोण गं?" की उत्तर ठरलेलं. टपालबाईंना ते मनातून आवडायचं. का आवडू नये? एकतीस वर्षं त्यांनी कड्यावरच्या वाटेनं टपाल वाटलं होतं. ते नाव त्यांना कुणी फुकट दिलं नव्हतं, पायाला घट्टे पडून मिळालं होतं.

ती वाट म्हणजे गावापासून दिव्यापर्यंत, उंच कड्यांच्या माथ्यावरून, समुद्राच्या कडेकडेनं गेलेली चव्वेचाळीस किलोमीटरांची पायवाट. दिवा म्हणजे टोकावरचं दीपगृह. पण एवढं लांबलचक म्हणायला तिकडे कुणाला वेळ नव्हता. टपालबाईंनी त्या वाटेचे चार तुकडे पाडले होते, एकेका तुकड्याला एकेक वार. टपालगाडी सकाळी वरच्या डांबरी रस्त्यानं त्यांना त्या दिवसाच्या तुकड्याच्या लांबच्या टोकाला सोडी, आणि तिथून त्या गावाच्या दिशेनं चालत येत. सोमवारी दिव्यापासून निघायचं, मंगळवारी वरच्या वाडीपासून, बुधवारी खाडीपलीकडून आणि गुरुवारी चालत चालत थेट गावात शिरायचं. शुक्रवारी कचेरीत बसून शिक्के मारायचे. शनिवारी गुडघे शेकायचे. समुद्र कायम उजव्या हाताला, पिशवी पावलागणिक हलकी, घर पावलागणिक जवळ. फार सुखाची नोकरी होती, असं त्या आता म्हणत. तेव्हा काय म्हणत, ते विचारू नये.

सुनेचं चालणं मात्र दुकानातून सुरू झालं. डॉक्टर चिठ्ठीवर गोळ्या लिहून देत आणि तोंडानं सांगत, "चाला." माणसं गोळ्या घेऊन जात आणि चालायचं विसरत. एका शनिवारी सुनेनं तिघांना दटावलं, "उद्या सकाळी सहाला दुकानासमोर या. नाही आलात तर पुढच्या वेळी सगळ्यात कडू गोळ्या देईन." तिघांचे पाच झाले, पाचांचे बारा. त्यात बेकरीवाला होता, ज्याला आपल्याच घराचा जिना चढताना दोनदा थांबावं लागे. शिंपीण होती, जिचं अर्धं आयुष्य मशीनवर बसून गेलं होतं. निवृत्त मास्तर होते, जे चालण्यापेक्षा चालण्याविषयी बोलत जास्त. सगळे तिला औषधताई म्हणत. दोन वर्षांत ही मंडळी बागेतून टेकडीवर आणि टेकडीवरून पलीकडच्या माळावर जाऊन आली.

मग त्यांना कड्याची वाट खुणावू लागली. गावात डोंगर चढणाऱ्यांचं एक मंडळ होतं. सून बेकरीवाल्याला घेऊन तिथे चौकशीला गेली. मंडळाच्या प्रमुखानं यादीतली वयं वाचली, दारात उभ्या असलेल्या बेकरीवाल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "ताई, कडा म्हणजे काही फेरफटका नव्हे. यांना आपली बागच बरी."

बेकरीवाला हसला. तो नेहमीच हसायचा. पण परत येताना वाटभर तो एक शब्द बोलला नाही, आणि हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. घरात शिरून चपला काढायच्या आधी सून म्हणाली, "आई, कड्याची वाट, चार दिवसांत. बाराच्या बारा, आपल्या पायांनी, थेट दिव्यापर्यंत. एकही जण वाटेत गाडीत बसणार नाही. आणि तुम्ही मला मदत करणार आहात."

"विचारतेस की सांगतेस?"

"सांगतेय. विचारलं तर भाव खाल."

मुलगा ताटातून मान वर न करता म्हणाला, "मलम न्यायला येणारी माणसं तू कड्यावर नेणार. दुकानातलं सगळं मलम संपणार बघ."

"तू जेव," दोघी एकदम म्हणाल्या.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मग रोज संध्याकाळी मसलत भरू लागली. सून फोनवरचा नकाशा उघडून बसे.

"पहिला दिवस, अकरा किलोमीटर," ती म्हणे.

"गुरुवार म्हण ना सरळ. आणि किलोमीटर मला सांगू नकोस. कड्यावर किलोमीटर नसतात, तास असतात. वारा तोंडावर आला की तुझ्या अकराचे सोळा होतात. विचार तुझ्या फोनला, वारा कुठून येणार आहे."

टपालबाईंपाशी सांगण्यासारखं पोतंभर होतं, आणि इतक्या वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यात हळू चालणाऱ्यानं सगळ्यात पुढे चालायचं, म्हणजे बाकीचे आपोआप त्याच्या चालीनं येतात. आणि नेणाऱ्यानं शेवटी राहायचं. थकायच्या आधी बसायचं, कारण थकून बसलेला माणूस लवकर उठत नाही. पाठीवरची पिशवी आधी भरून टेकडीवर हिंडवून आणायची, आणि 'असू दे, लागली तर' म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू घरी ठेवायची. नवे कोरे बूट घालून येईल त्याला दारातून परत पाठवायचं. कुणाचा पाय मुरगळला तर वरच्या रस्त्याला निघायची एक तरी पायवाट रोजच्या तुकड्यात माहीत हवी. खाडीचं तोंड ओहोटीलाच ओलांडायचं. त्यासाठी त्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक फ्रिजच्या दारावर चिकटवलं आणि चालण्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलेलं असेल असा आठवडा निवडून दिला. मास्तरांनी सुचवलेली तारीख भरतीत बुडाली.

सून सगळं लिहून घेई. कुठून कुठे किती वेळ, हे टपालबाई छताकडे बघत सांगत आणि नवख्यांसाठी दुप्पट धरायला लावत.

"मंगळवार तेवढा जरा लांबडा आहे. पण पायऱ्यांचं काही नाही. तीनशे बारा आहेत. दहा मिनिटं."

"तीनशे बारा पायऱ्या दहा मिनिटांत?"

"अगं, मोजल्यात मी. तुझ्या लोकांना वीस धर."

सुनेनं वीस धरली.

निघायच्या दीड महिना आधी दोघी मंगळवारचा तुकडा पायाखालून घालायला गेल्या. मंडळी गावाकडून दिव्याकडे जाणार होती, म्हणून यांनीही तसंच जायचं ठरवलं. टपालबाईंना एकाहत्तर पूर्ण झाली होती, पण वाटेला लागल्या तशा त्यांचे खांदे मागे गेले आणि चाल सुटली. "ही इथली बोर माझ्यादेखत लावलेली," "इथल्या म्हातारीला मुलाचं पत्र मीच वाचून दाखवायची," असं त्या सांगत होत्या आणि सून माना डोलवत होती. समुद्र आज डाव्या हाताला होता. काहीतरी उलटंपालटं झाल्यासारखं त्यांना सकाळपासून वाटत होतं, पण नवा चष्मा आहे, त्यामुळे असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

दुपारी वाळू तुडवून दोघी कड्याच्या पायथ्याशी आल्या. कातळात खोदलेल्या पायऱ्या एकावर एक वर गेल्या होत्या. टपालबाई तरातरा निघाल्या. चाळिसाव्या पायरीला बोलणं थांबलं. शंभराव्या पायरीला त्या बसल्या.

"आई, दहा मिनिटं झाली."

"तुझं घड्याळ पुढे असेल."

दीडशेव्या पायरीवर पुन्हा बसल्या. सून एक पायरी खाली उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, खरं सांगा. या पायऱ्या तुम्ही कधी चढलायत?"

एकतीस वर्षं, दर मंगळवारी. मनातल्या मनात त्यांनी एकेक मंगळवार काढून पाहिला. उन्हाचे, पावसाचे, ताप अंगात असलेले, मूल पोटात असलेले. प्रत्येक मंगळवारी त्या उतरत होत्या.

"दम खाऊ दे जरा," त्या म्हणाल्या.

माथ्यावर पोचायला पन्नास मिनिटं लागली. वर वाटेला दोन फाटे फुटले होते. टपालबाईंना इथे फाटा असल्याचं आठवेना, पण सुनेसमोर आज आणखी एकदा अडायची त्यांची तयारी नव्हती. "इथून पुढे मी डोळे मिटून चालेन," असं म्हणून त्या रुंद वाटेला लागल्या. पाचेक मिनिटांनी सुनेनं मागून त्यांचं कोपर धरलं आणि मागे खेचलं. चार पावलांवर वाट संपली होती. कडा ढासळून खाली गेला होता, आणि खूप खोल, पांढरा फेस दगडांवर वर-खाली होत होता. गळ टाकायला येणाऱ्यांनी तुडवून रुंद केलेली वाट होती ती.

फाट्यापाशी परत येऊन दोघी अरुंद वाटेला लागल्या, आणि दहा-बारा पावलांवर टपालबाईंनी मागे वळून पाहिलं. आणि तिथे, मघाच्या फाट्यापाशी, बसका म्हातारा बसला होता.

बसका म्हातारा म्हणजे एक खडक. गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी टेकून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. दर मंगळवारी वरच्या वाडीकडून येताना त्या त्याला म्हणत, "काय, बरं आहे ना?" आणि त्याच्या पाठीमागून खाली उतरत. त्याचं नाक, त्याचे गुडघे, सगळं त्या बाजूनंच दिसे. आज त्याच्या पाठीला लागून त्या गेल्या होत्या आणि त्यांना तो नुसता एक धोंडा वाटला होता. वाडीकडून येताना इथे फाटा नव्हताच. दोन वाटा येऊन मिळत, एवढंच. मिळणाऱ्या वाटेकडे कोण बघतो?

बसमधून घरी येताना सून खिडकीबाहेर बघत होती. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा गाळत होती, तेव्हा टपालबाईंनी वेळांचे कागद टेबलावर ठेवले. मंगळवारच्याच नव्हे, चारही दिवसांच्या वेळांवर त्यांनी पेन्सिलीनं काट मारली होती.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "ती वाट मला एकाच बाजूनं माहीत आहे."

सुनेनं गाळणं खाली ठेवलं. "थांबा. तारीख लिहून ठेवते. चौदा वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय."

"लिही. पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

दोघी हसल्या. मग टपालबाई म्हणाल्या, "असं कर. सगळंच उलट कर. दिव्यापासून निघा आणि गावात या. ती वाट मला तोंडपाठ आहे. आणि पायऱ्या उतरायलाच येतील, चढायची कटकट नको."

सुनेनं दोन कप भरले. "नाही आई. चढताना दम जातो, उतरताना गुडघे जातात. दम बसल्यावर परत येतो, गुडघा येत नाही. माझ्या माणसांना पायऱ्या चढूच देत. फक्त दिवसाच्या शेवटी नकोत. तिसऱ्या दिवशी आपण खालीच राहू, कोळ्यांच्या जाळ्यांच्या खोलीत. चौथ्या दिवशी सकाळी, ताज्या पायांनी, एक तास नुसता पायऱ्यांना ठेवू."

"पण उतरणं सोपं असतं. मी एकतीस वर्षं—"

"आणि शनिवारी काय करायचात?"

आपसूक टपालबाईंचा हात गुडघ्यावर गेला. इतकी वर्षं त्या म्हणत आल्या होत्या की हे दुखणं आईकडून आलं. बिचारी आई.

आपल्याला राग यायला हवा, असं त्यांना वाटलं. आला नाही. उलट छातीत काहीतरी उबदार झालं, एखाद्या अवघड पत्त्याचं घर दुसऱ्या कुणी बरोबर शोधून काढावं तसं.

त्यानंतरचे चार रविवार दोघींनी चार तुकडे घेतले, बेतानं, मध्ये मध्ये बसत. बहात्तराव्या वर्षी टपालबाई आपल्याच वाटेवर नवख्या झाल्या. पण वाट कशी शिकायची, हे त्यांना कळलं होतं. फाटा आला की त्या एका वाटेनं दहा-बारा पावलं पुढे जात, गावाकडे तोंड करून वळत, आणि मागचं बघत. ओळखीचं दिसलं तर वाट खरी. नाही दिसलं तर परत यायचं आणि दुसरी वाट बघायची. सून प्रत्येक ठिकाणी वहीत चित्र काढी.

"हा म्हातारा आहे की बटाटा?"

"तुम्हाला ओळखू येतो ना? मग झालं."

"मला येईल गं. धुक्यात तुला आला पाहिजे."

ठरलेल्या दिवशी सकाळी बारा जण आणि सून दुकानासमोरून निघाले. मंडळाच्या प्रमुखाला कळवायला कुणी गेलं नाही, पण बेकरीवाल्यानं आदल्या संध्याकाळी मंडळाच्या सूचनाफळ्याखाली पावाची एक टोपली ठेवून दिली होती, चिठ्ठीशिवाय. टपालबाई अंथरुणं-भांडी घेऊन जाणाऱ्या गाडीत, चालकाशेजारी. रोज संध्याकाळी मुक्कामी त्या उभ्या राहून मोजत. पहिल्या दिवशी बारा, दहा मिनिटं उशिरा. दुसऱ्या दिवशी बारा, गुडघाभर चिखलात माखलेले. ओहोटी मात्र कोष्टकाला जागली होती. तिसऱ्या दिवशी बारा, त्यातले दोन फोड आलेले. शिंपिणीनं मास्तरांच्या पिशवीचा तुटलेला पट्टा दाभणानं असा शिवला की मास्तर संध्याकाळभर त्या टाक्यांविषयीच बोलत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी धुकं आलं. साधंसुधं नाही, गाडीच्या काचेवर कुणी ओली चादर टाकावी तसं. चालकानं वरच्या रस्त्यानं गाडी कशीबशी दिव्यापर्यंत आणली. दुपारी तीनला मंडळी पोचायची होती. तीन वाजले. साडेतीन वाजले. धुकं आता विरळ झालं होतं, पण वाटेवर कुणी नव्हतं.

दिव्यावरचा माणूस नवीन होता. तो बाहेर येऊन उभा राहिला. "कुणाची वाट बघताय? मंडळाची माणसं का?"

"नाही, आमची."

"आज सकाळचं धुकं वाईट होतं. पायऱ्यांच्या वरच्या फाट्यावर माणसं चुकतात. मागच्या वर्षी चांगले सराईत दोघे कड्याकडे गेले होते. नशीब, वेळेवर थांबले."

चार वाजले, तसा चालक जवळ आला. "बाई, वरच्या वाडीपर्यंत गाडी नेऊ का? तिथपर्यंत आले असतील तर घेऊनच येतो. तीन-चार तासांची पायपीट वाचेल त्यांची."

गाडीचं दार उघडंच होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं. बेकरीवाल्याचा दम आठवला, ढासळलेला कडा आठवला. मग वहीतला बटाटा आठवला.

"गाडी लागली तर ती बोलावेल. फोन आहे तिच्याकडे. आपण आपण होऊन जायचं नाही."

"पण बाई—"

"तिनं मनात एक तास जास्तीचा धरला असेल. मी नव्हता धरला, ती धरते. बस खाली."

साडेचारला वळणावर शिंपीण दिसली. सगळ्यात हळू चालणारी, म्हणून सगळ्यात पुढे; मान ताठ, जशी काही वरातच घेऊन येतेय. ती एक, तिच्यामागे दोन, तीन, चार... टपालबाई ओठ न हलवता मोजत होत्या. मास्तर आठवे. नऊ. दहा. अकरा. मग वाट रिकामी झाली.



वळणावरून बेकरीवाला आला, घामानं निथळत, आणि त्याच्यामागे, शेवटी, जिथे असायला हवी तिथे, सून.

"काकू!" बेकरीवाला लांबूनच ओरडला. "काय सांगू! वरच्या फाट्यावर धुकं एवढं, की माझं पोट मला दिसेना!"

"मग जास्तच असणार," शिंपीण म्हणाली.

"मास्तर म्हणतात, रुंद वाट तीच खरी. औषधताईनं सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाली, एकानंही उठायचं नाही. तासभर बसलो, तिथे नुसते शेंगदाणे खात. धुकं जरा हललं तशी ही एकटीच अरुंद वाटेनं दहा-बारा पावलं गेली, वळली आणि वही काढली. आम्हाला वाटलं, गेलं हिचं डोकं. आणि मग आम्हाला ऐकू आलं, ही धुक्यात कुणाला तरी म्हणतेय, 'काय, बरं आहे ना?'"

टपालबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून खाली वाकून कुणाच्या तरी बुटाची नाडी सोडत होती. केस ओले, नाक लाल. "आई, दीड तास उशीर झाला," ती मान वर न करता म्हणाली. "चालेल ना?"

"चालेल," त्या म्हणाल्या. आणि तिच्या पाठीवरची पिशवी उतरवून घेतली.

दिव्यावरच्या माणसानं एक जाड वही आणली. येणाऱ्यांची नोंद ठेवायची पद्धत होती. "किती जण?"

"बारा. गावापासून, चालत. आणि एक नेणारी."

"नेणारी कोण?"

"औषधताई लिहा. सगळे तेच म्हणतात."

त्यानं लिहिलं. "आणि तुम्ही कोण?"

दर सोमवारी त्या इथे येत होत्या, एकतीस वर्षं. या दारात त्यांना हे कुणी कधी विचारलं नव्हतं. समुद्र समोर पसरला होता, आणि शिंपीण कठड्यावर चढून उभी राहिली होती, खाली उतरायला तयार नव्हती.

"मी तिची सासू," टपालबाई म्हणाल्या. "तसंच लिहा. औषधताईची सासू."

लिहून झाल्यावर त्यांनी वही मागून घेतली आणि लगेच परत दिली नाही. चष्मा पुसून, ओळीखाली बोट धरून, अक्षर न् अक्षर वाचलं. जुनी सवय. पत्ता बरोबर होता.